बासष्ट फ्लास्क आणि निळं पाणी

१

सोमवारी सकाळी साडेआठला शेवाळखोली सांभाळणाऱ्या तरुण चष्मावालीने तिथलं दार उघडलं आणि ती उंबऱ्यावरच थबकली. त्या खोलीतले दिवे घड्याळावर आपोआप लागत, त्यामुळे काय झालंय ते तिला एका नजरेत दिसलं. डाव्या भिंतीवरचे फ्लास्क मेले होते.

आता फ्लास्क कसे मरतील, असं तुम्ही म्हणाल. पण त्या संस्थेत असंच बोलत. उजव्या भिंतीवर हिरवं शेवाळ, डाव्या भिंतीवर निळंहिरवं. शास्त्राच्या हिशेबाने हे निळंहिरवं म्हणजे शेवाळ नव्हेच, ती जिवाणूंची जात. पण इतकी वर्षं सगळे त्याला शेवाळच म्हणत आले होते. तलाव, डबकी, गरम पाण्याचे झरे, जिथून मिळेल तिथून आणलेले पासष्ट वाण तिथे जिवंत ठेवलेले होते. त्यातली कितीतरी तळी आता बुजली होती. त्यांचं जे काही उरलं होतं ते त्या काचेतच.

आणि आता काचेत तळाशी फिकट पिवळट गाळ आणि वर निळं पाणी होतं. चांगलं नितळ निळं, शाई सांडल्यासारखं. उजव्या भिंतीवरचं हिरवं मात्र जागच्या जागी होतं.

साडेनऊला संचालक आले. त्यांना येऊन सात वर्षं झाली तरी सगळे त्यांना नवे साहेबच म्हणत. त्यांनी एक फ्लास्क उचलला, खिडकीपाशी नेला आणि एकच शब्द उच्चारला, "मोरचूद." मोरचूद म्हणजे तळ्यातलं शेवाळ मारायला टाकतात ते तांब्याचे निळे खडे. संस्थेत मोरचूद एकाच माणसाच्या ताब्यात होतं. आवारातलं मोठं तळं सांभाळणारा माणूस, अडतीस वर्षं गुडघाभर पाण्यात काढलेला, म्हणून पोरांनी त्याचं नाव बेडूककाका ठेवलं होतं. निवृत्तीला त्यांचे तीन महिने उरले होते.

दहा वाजता चष्मावालीने ताईंना फोन लावला. ताई म्हणजे ही खोली चौतीस वर्षं सांभाळलेली बाई. बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, वय आता सत्तर, पण ताईच्या आजी काही झाल्या नाहीत. एकट्या राहत, गुडघे कुरकुरत आणि जीभ अजून शाबूत होती.

"ताई, डावी भिंत गेली," चष्मावाली म्हणाली आणि रडायलाच लागली.

ताईंनी तिला मनासारखं रडू दिलं. मग एकेक विचारून घेतलं. पासष्टपैकी बासष्ट गेले होते. साहेबांनी काकांना जागच्या जागी कामावरून बंद केलं होतं. उद्या अकराला समितीची बैठक, तिथे त्यांना काढून टाकणार होते. काल रविवारी काका एकटेच खोलीत शिरताना पहारेकऱ्याने पाहिलं होतं, आणि ते स्वतःही नाही म्हणत नव्हते.

"का गेलो होतो म्हणतोय तो?" ताईंनी विचारलं.

चष्मावालीने नाक ओढलं. "म्हणतात, रविवारी खोलीकडे बघत जा असं ताईंनी सांगितलं होतं, म्हणून."

ताई खुर्चीत बसल्या. असं त्या म्हणाल्या होत्या खऱ्या. पण बारा वर्षांपूर्वी, निघायच्या दिवशी, जाता जाता.

२

बारा वर्षांत ताई संस्थेत पाय टाकायला गेल्या नव्हत्या. बोलावणी आली होती, पण गेल्या नाहीत. आपली खुर्ची दुसऱ्याच्या बुडाखाली बघायला कोणाला आवडतं, असं त्या लोकांना सांगत. खरं कारण वेगळं होतं. आपण गेल्यावर तिथे आपलं नावही कोणी काढत नसेल, याची त्यांना भीती वाटे.

लांब व्हरांडा तोच होता. कोपऱ्यातली फरशी तशीच फुटकी होती. पंधरा वर्षं अर्ज करूनही ती कोणी बदलली नव्हती आणि आज तिच्यावरून चालताना ताईंना बरं वाटलं. निर्जंतुक करायच्या भांड्यातून वाफेचा आणि ओल्या कापसाचा वास येत होता. त्या वासाने त्यांचं निम्मं वय उतरलं. ह्याच व्हरांड्यातून वीस बावीस वर्षांची पोरं धावत यायची, ताई, माझ्या फ्लास्कात काहीतरी हललं म्हणून. ती पोरं आता कुठल्या कुठल्या देशांत टक्कल घेऊन बसली होती.

नव्या साहेबांनी त्यांना मानाने बसवलं. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. त्यांनी सगळं मांडून सांगितलं. पाणी निळं, मोरचूद निळं. खोलीची जादा किल्ली काकांकडे. काका रविवारी आत गेलेले. शिवाय गेलं दीड वर्ष काका दर महिन्याला भांडारातून तळ्यासाठी मोरचुदाची पिशवी घेत होते आणि वहीत तळ्यात टाकली म्हणून लिहीत होते. पण महिन्यापूर्वी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी तळ्याचं पाणी यंत्रावर तपासलं तर त्यात तांब्याचा मागमूस नव्हता.

"म्हणजे ते तांबं गेलं कुठे, ताई?" साहेब म्हणाले. "मी विचारलं तर गप्प बसतो. तुम्हीच सांगा, मी काय समजू?"

ताई खोलीकडे चला म्हणाल्या.

डाव्या भिंतीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. बासष्ट मेलेले वाण. त्यातले तीसएक त्यांनी स्वतः चिखलात उतरून आणले होते. एकेक नंबर वाचताना त्यांना त्या त्या दिवसाचं ऊन आठवत होतं, कोण बरोबर होतं, कोणाची चप्पल चिखलात गेली होती. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मग त्या कामाला लागल्या.

जिवंत राहिलेले तीन फ्लास्क होते एक, दोन आणि तीन नंबरचे. अगदी ओळीने. साहेबांचं म्हणणं, काकांनी शेवटच्या टोकापासून विष घालत आणलं असेल आणि शेवटचे तीन उरले असताना कोणाची तरी चाहूल लागली असेल.

"असेल," ताई म्हणाल्या. त्यांनी चार नंबरचा फ्लास्क उचलला. खिडकीपाशी नेला नाही. त्यांनी चष्मावालीला टॉर्च आणायला सांगितलं, फ्लास्कामागे आपल्या छत्रीचं काळं कापड धरलं आणि बाजूने पाण्यावर झोत टाकला.

निळ्या पाण्यातून तांबडी झाक उठली.

साहेब पुढे वाकून पाहू लागले. ताई म्हणाल्या, "साहेब, मोरचूद असं लाल दिसत नाही."

३

शंका नको म्हणून ताईंनी ते पाणी चष्मावालीला दोन काचनळ्यांत घ्यायला लावलं. एकीत फ्लास्कातलं निळं पाणी, दुसरीत खऱ्या मोरचुदाचं. दोन्ही उकळल्या. मोरचूद निळंच राहिलं. फ्लास्कातल्या पाण्याचा रंग बघता बघता उडाला आणि तळाशी पांढरट चोथा बसला.

"हा रंग शेवाळाचा स्वतःचा आहे," ताईंनी साहेबांना समजावलं. "ह्यांच्या पेशीत निळं प्रथिन असतं, उजेड धरायला. म्हणून तर निळंहिरवं म्हणायचं. पेशी धड असली तर ते आत राहतं. पेशीचं आवरण फाटलं की बाहेर सांडतं. तुम्ही पाहिलंत ते विष नाही, साहेब. ते ह्यांचं रक्त आहे."

साहेब विचारात पडले, पण हटले नाहीत. बरं, मोरचूद नसेल, दुसरं काही असेल. आवरणं काही आपोआप फाटत नाहीत. खोलीत शिरलेला माणूस एकच आहे आणि दीड वर्षाच्या पिशव्यांचा हिशोब तो देत नाही. उद्या अकरापर्यंत दुसरं नाव सापडलं तर सांगा, म्हणाले, आणि गेले. त्यांचंही चुकत नव्हतं.

मग ताईंनी शेजारच्या डॉक्टरांना गाठलं. हे डॉक्टर औषधाचे नव्हेत, यंत्रांचे. त्यांना शेवाळखोली दुसऱ्या यंत्रासाठी हवी होती आणि हे ते सगळ्यांना सांगत सुटले होते. ताईंनी तोंडावर विचारलं, तेव्हा ते हसले. म्हणाले, खोली मला हवीच आहे. पण मारायचं असतं तर मी दोन्ही भिंती मारल्या असत्या, अर्ध्या खोलीत माझं यंत्र मावणार नाही. ताईंना हे पटलं. मग फ्लास्कातलं पाणी यंत्रावर का तपासलं नाही असं विचारलं, तर यंत्राचा दिवा गेलेला निघाला. नवा यायला पंधरा दिवस लागणार होते. ताई म्हणाल्या, एवढं मोठं धूड आणून ठेवलंत आणि शेवटी छत्रीच्या कापडावर भागवावं लागलं. डॉक्टर खजील झाले, पण रागावले नाहीत.

राहिली चष्मावाली. तिलाही ताईंनी सोडलं नाही, आणि तीही काही लपवून ठेवणारी नव्हती. हो, तिला संशोधनाची वेगळी जागा हवी होती, खोली बंद झाली तर मिळालीही असती. पण तिने दहा दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने सगळे वाण नव्या फ्लास्कात घातले होते. आठवडाभर छान वाढले. आठवडा झाला की जुने फ्लास्क धुवायचे, हा ताईंचाच नियम. त्याप्रमाणे तिने ते धुतले. शनिवारी रंग जरा उतरल्यासारखा वाटला आणि आज हे.

"कुठल्या क्रमाने भरलेस?" ताईंनी विचारलं.

"एकपासून. नेहमीसारखं."

ताईंच्या डोक्यात काहीतरी हललं. विष घालणारा माणूस शेवटच्या टोकापासून येईल आणि चारवर अडेल, हे जुळवून घेतलेलं होतं. एकपासून भरणारी मात्र एक, दोन, तीन भरते आणि मग काहीतरी बदलतं.

"चार नंबरला काय बदललं, पोरी?"

चष्मावालीने आठवून पाहिलं. काहीच नाही, म्हणाली. मग थांबून म्हणाली, "मातीचा अर्क संपला होता तुमचा. जुनी शेवटची बाटली तीन फ्लास्कांना पुरली. पुढे नवा वापरला. पण तोही तुमच्याच चिठ्ठीप्रमाणे केलाय, ताई. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

४

हा मातीचा अर्क म्हणजे काय ते सांगितलंच पाहिजे. शेवाळाला नुसते क्षार घालून भागत नाही. काही वाणांना मातीतलं काहीतरी लागतं. म्हणून बागेतली चांगली माती पाण्यात उकळायची, गाळायची, बाटल्या भरून निर्जंतुक करायच्या आणि प्रत्येक फ्लास्काला चमचाभर घालायचा. ताईंनी निवृत्तीच्या आधी चाळीस बाटल्या करून ठेवल्या होत्या. दोन्ही भिंती बारा वर्षं त्यांच्या हातचं खात होत्या. हे त्यांना आज कळलं.

नवा अर्क त्यांनी उजेडात धरून पाहिला. कोऱ्या चहाच्या रंगाचा होता. जुन्या बाटलीच्या तळाशी थेंबभर उरलेला होता, तो फिका. पण मातीचा रंग वर्षागणिक बदलतो, तेवढ्यावरून कोणी काकांना सोडणार नव्हतं. शिवाय दोन्ही भिंतींना एकच अर्क घातलेला. मग हिरवं का वाचलं? आणि पिशव्यांचं काय?

बेडूककाका तळ्याच्या काठावर बसले होते, पाय पाण्याबाहेर. त्यांना असं कोरडं बसलेलं ताईंनी कधी पाहिलं नव्हतं. ताई शेजारी बसल्या, म्हणजे गुडघ्यांनी बसू दिलं तेवढ्या बसल्या. ह्याच तळ्यात पहिल्या आठवड्यात हा बावीस वर्षांचा पोरगा बुडता बुडता वाचला होता आणि ताईंनी त्याला बाहेर काढून आधी थोबाडीत मारली होती, पोहता येत नाही हे सांगितलं का नाहीस म्हणून.

"बेडूकराव, मोरचूद कुठे आहे?"

ताईंनी तीनदा विचारलं. शेवटी काका उठले आणि त्यांना खोपटात घेऊन गेले. रिकामे डबे बाजूला केले. मागे भिंतीला लागून मोरचुदाच्या अठरा पिशव्या रचलेल्या होत्या. एकीचंही तोंड उघडलेलं नव्हतं.

"टाकवत नाही हो," काका म्हणाले. "टाकलं की दुसऱ्या दिवशी बेडूक पोटं वर करून तरंगतात. किती वर्षं बघायचं? दीड वर्षापूर्वी बंद केलं. पण नियम आहे टाकायचा. टाकलं नाही म्हणावं तरी नोकरी जाते, टाकलं म्हणून लिहिलं तरी आता जाते."

ताईंनी बाहेर तळ्याकडे पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. उन्हाच्या दिवसांत त्या तळ्यावर हिरवी साय धरायची, ती कुठेच नव्हती.

"मग शेवाळ कशाने मारतोस?"

काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा तरतरी आली. त्यांनी काठावरची एक दोरी ओढली. पाण्यातून जाळीचं पोतं वर आलं, आत काळपटलेला पाला ठासून भरलेला. अशी सहा पोती चारी बाजूंना सोडली होती. निलगिरीचा पाला. वाऱ्याने तो एका कोपऱ्यात पडायचा आणि त्या कोपऱ्यात साय धरत नाही हे काकांनी हेरलं होतं. बेडकांना काही होत नव्हतं, माशांना होत नव्हतं, गवताळ हिरवं शेवाळही थोडं टिकून होतं. मरायची ती फक्त निळीहिरवी साय.

ताईंनी पोत्यातलं पान हातात घेतलं. "ही निलगिरी कुठली रे?"

"कुठली म्हणजे?" काका कौतुकाने म्हणाले. "तुमचीच, ताई."

५

त्यांच्या निरोपाच्या दिवशी सभागृहात सात भाषणं झाली होती. कोणी त्यांना आधारस्तंभ म्हटलं, कोणी दीपस्तंभ, आणि सगळ्यांनी नाव एकदा तरी चुकवलं. बेडूककाकांनी भाषण केलं नव्हतं. सगळं आटोपल्यावर त्यांनी ताईंना हाताला धरून इमारतीमागे नेलं, डोळे मिटा म्हणाले, आणि उघडा म्हणाले तेव्हा समोर कमरेएवढा खड्डा होता आणि शेजारी निलगिरीचं रोप. दोन दिवस एकट्याने खणलेला खड्डा. हातांना फोड आले होते.

"तुम्ही नेहमी इथेच खुरपं घेऊन बसायच्या," ते म्हणाले होते. "म्हटलं, तुमची आवडती जागा आहे."

ती तिसऱ्या वाफ्याची जागा होती. अर्कासाठी माती ताई तिथूनच घेत.

आता चष्मावालीला घेऊन त्या मागे गेल्या. झाड तीन मजले उंच झालं होतं. खाली पाल्याचा वीतभर थर होता आणि त्या थराखाली गवताची काडी नव्हती. चष्मावालीने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी सोडवून आणली होती. ताईंचंच अक्षर, पिवळं पडलेलं: माती नेहमी तिसऱ्या वाफ्यातलीच घ्यावी, दुसरीकडची घेऊ नये.

"मी बुंध्यापाशी खणून घेतली," चष्मावाली हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही लिहिलं होतं म्हणून. मला वाटलंच होतं, झाडाखालची माती कशी चालेल. पण तुमच्यापेक्षा मला काय जास्त कळणार?"

एक परीक्षा राहिली होती. ताईंनी दोन्ही अर्कांचे थेंब पांढऱ्या बशीत घेतले आणि त्यावर लोहक्षाराचा एकेक थेंब सोडला. जुना अर्क पिवळसर राहिला. नवा क्षणात काळानिळा झाला. पूर्वी लिहायची शाई अशीच करत, तुरट पाल्यात नि सालीत लोखंड घालून. पाल्यातली तुरट द्रव्यं बारा वर्षं मातीत मुरली होती. उकळल्यावर ती अर्कात उतरली, अर्कातून चमच्याचमच्याने बासष्ट फ्लास्कात गेली.

कोडं सुटलं होतं. खुनी सापडला होता, काका सुटणार होते. चष्मावालीने आनंदाने ताईंना मिठी मारली.

ताई मात्र झाडाकडे बघत उभ्या होत्या. उद्या समितीत हे सगळं सांगावं लागणार. आणि कोणीतरी विचारणारच, की मातीच्या वाफ्यात झाड लावायची अक्कल कोणाची?

६

अकराला समिती बसली. बेडूककाका दाराजवळच्या खुर्चीत टोकावर बसले होते, धुतलेला सदरा घालून. ताईंनी काचनळ्या, बशी, टॉर्च आणि पोत्यातला पाला टेबलावर मांडला आणि बोलायला सुरुवात केली. साहेब मधे मधे घड्याळ बघत होते, थोड्या वेळाने बघायचे थांबले.

मोरचूद का नाही, ते त्यांनी सांगितलं. तीनच का वाचले, ते सांगितलं. मग हिरवं का वाचलं त्यावर आल्या. म्हणाल्या, पाल्यातली ही तुरट द्रव्यं पाण्यात नि उजेडात राहिली की प्राणवायूशी त्यांची झटापट सुरू होते आणि त्यातून थोडं थोडं पेरॉक्साइड तयार होतं, जखमेवर घातलं की फसफसतं ते. ते पेशीचं आवरण पोखरतं, आतलं उजेडावरचं काम बंद पाडतं. हिरव्या शेवाळाच्या पेशीत खोल्या असतात, महत्त्वाचा ऐवज आतल्या खोलीत, आणि असलं विष निपटायची त्यांची ताकदही मोठी. निळ्याहिरव्याचं घर म्हणजे एकच खोली, दार उघडलं की सगळं समोर. म्हणून तेच गेलं. काकांच्या तळ्यातही तेच जातं आणि बेडूक वाचतात.

"अठरा पिशव्या खोपटात आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "चला, मोजा. ह्या माणसाने खोटं लिहिलं ते एवढ्याचसाठी, की त्याला मारवेना."

खोटी नोंद म्हणजे खोटी नोंद, असं साहेब पुटपुटले. तेव्हा यंत्रांचे डॉक्टर मधे पडले. म्हणाले, साहेब, दीड वर्ष तांब्याशिवाय एवढं मोठं तळं स्वच्छ ठेवलंय, लोक ह्यावर निबंध लिहितात. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. दोन मिनिटांत ते "आपल्या संस्थेने विकसित केलेली पद्धत" म्हणू लागले आणि ताईंनी हसू दाबलं. काकांवरचा आरोप मागे घेतला म्हणून लिहून झालं.

मग साहेबांनी लेखणी वर धरून विचारलंच. "पण ताई, माती घ्यायच्या जागी झाड लावायचं कोणी ठरवलं?"

काकांनी तोंड उघडलं. ताई आधी बोलल्या.

"मी. माझं झाड, माझी जागा, माझीच चिठ्ठी. चूक लिहायची तर माझ्या नावावर लिहा."

साहेबांनी लिहिलं. सत्तर वर्षांच्या निवृत्त बाईला कोण काय करणार होतं?

बाहेर व्हरांड्यात चष्मावालीने ताईंना गाठलं. जुन्या विद्यार्थ्यांची नावं सांगा म्हणाली. त्यांतल्या कितीजणांनी जाताना इथले वाण बरोबर नेले होते, त्यांना पत्रं टाकते. ताईंनी भराभर पंचवीस नावं सांगितली, कोणाकडे कुठले नंबर असतील तेही. चाळीसएक वाण तरी परत येतील असा अंदाज निघाला. बाकीचे गेले ते गेले. त्याचं दुःख ताईंनी लपवलं नाही.

मग त्या आणि काका इमारतीमागे झाडापाशी आले.

"जागा मी निवडली होती," काका म्हणाले.

"हो."

"तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं? माती इथलीच लागते ते?"

"मीच लिहिलं होतं ना." ताईंनी बुंध्यावर हात ठेवला. "चाळीस बाटल्या आहेत म्हटलं, तोवर कोणीतरी दुसरी माती शोधेल. चिठ्ठी बदलायची राहून गेली. तुझे हात फोडांनी भरले होते रे. सगळे बोलून मोकळे झाले होते आणि तू एकटा खणत बसला होतास. मी इथे कोणाची तरी होते, एवढं त्या एका खड्ड्यात मला दिसलं. तुला मी कसं सांगणार होते की चुकलं म्हणून? तुला वाईट वाटलं असतं."

काकांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. बासष्ट फ्लास्कांचं ओझं आता त्यांच्या चेहऱ्यावर उतरत होतं आणि ताईंना ते बघवत नव्हतं. पण ते बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, अपराधीपणाही नव्हता. त्यांना खरंच नवल वाटत होतं.

"सांगायचं होतंत, ताई. मी दुसरा खणला असता."

त्याने खरंच दुसरा खणला असता, त्याच फोडांच्या हातांनी, त्याच संध्याकाळपासून, आणि वर हसलाही असता. अडतीस वर्षं त्या ह्या माणसाला ओळखत होत्या आणि एवढं त्यांना ओळखता आलं नव्हतं.